दाखल्यावर न लिहिलेले ऊन : तापमान आणि मृत्यू यांचा संबंध मोजण्याचे पहिले धडे

मे महिन्यात दिवसभर उन्हात काम करून घरी आलेला साठीचा माणूस रात्री छातीत कळ येऊन दगावतो, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ असे लिहिले जाते आणि वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही चूक नसते. मात्र त्या आठवड्यात पारा ४५ अंशांवर गेला नसता तर तो माणूस वाचला असता का, याचे उत्तर त्या दाखल्यात नसते. उष्माघात म्हणून नोंदले जाणारे मृत्यू हे उन्हाने घेतलेल्या बळींपैकी थोडेच असतात. बाकीचे हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार, श्वसनाचे आजार अशा नावांखाली विखुरलेले राहतात. एकेका रुग्णाकडे पाहून ते ओळखता येत नाहीत. हजारो दिवसांचे आकडे ओळीने मांडले आणि त्यांतून ऋतू, वार, साथी यांचा वाटा बाजूला काढला, तरच ते दिसू लागतात. हे काम संख्याशास्त्रीय मॉडेल करते. सामाजिक वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी, संख्याशास्त्राचे पदवीधर आणि महापालिकांच्या आरोग्य विभागांत आकडेवारी सांभाळणारे कर्मचारी यांना ते पहिल्यांदा उभे करता यावे, यासाठी हा लेख आहे. सरासरी आणि साधे रिग्रेशन यांची ओळख वाचकाला आहे, असे मी धरून चालतो.

कधी कधी मॉडेलचीही गरज पडत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांपर्यंत चढले. त्या महिन्यात शहरात सर्व कारणांनी मिळून ४,४६२ मृत्यू झाले. मे २००९ आणि मे २०११ यांची सरासरी ३,११८ होती. म्हणजे १,३४४ मृत्यू जास्त, सुमारे ४३ टक्के वाढ. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा तयार केला, त्यामागे या लाटेचा अनुभव होता. परंतु इतकी ठळक आपत्ती दरवर्षी येत नाही. नेहमीच्या कडक उन्हाळ्यातही माणसे जातात, आणि तेथे वजाबाकी अपुरी पडते.

प्रश्न एका वाक्यात लिहा

कामाला लागण्यापूर्वी आपला प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहून काढावा. ‘हवामानाचा आरोग्यावर काय परिणाम होतो?’ हा प्रश्न मॉडेलला विचारता येत नाही. ‘नागपूर शहरात मार्च ते जून या महिन्यांत, एखाद्या दिवसाच्या आणि त्याआधीच्या दहा दिवसांच्या तापमानानुसार त्या दिवशीच्या एकूण मृत्यूंची संख्या कशी बदलते?’ हा प्रश्न विचारता येतो. त्यात ठिकाण, काळ, कारण आणि परिणाम या चारही गोष्टी ठरलेल्या आहेत.

नवख्या अभ्यासकाला येथे एक शंका हमखास येते. मृतांपैकी किती जणांना मधुमेह होता, किती जण तंबाखू खात होते, किती जण पत्र्याच्या घरात राहत होते, हे माहीत नसताना निष्कर्ष कसा काढायचा? शंका रास्त आहे, पण या पद्धतीत तिचे उत्तर तयार असते. आपण एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करत नाही. एकाच शहराच्या एका दिवसाची तुलना त्याच शहराच्या दुसऱ्या दिवसाशी करतो. शहरातील मधुमेहींचे प्रमाण सोमवारपासून गुरुवारपर्यंत बदलत नाही, तापमान मात्र बदलते. जी गोष्ट दिवसागणिक बदलत नाही, ती दिवसागणिक बदलणाऱ्या मृत्यूसंख्येचे खोटे कारण म्हणून पुढे येऊ शकत नाही.

मृत्यूंची रोजची यादी

आपल्याला हवा असतो एक साधा तक्ता : एका ओळीत एक दिवस आणि त्या दिवशीचे मृत्यू. तो तयार करताना सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

पहिली चूक तारखेची. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा असून मृत्यूची नोंद २१ दिवसांत करणे अपेक्षित असते. त्यामुळे नोंदवहीत दोन तारखा असतात : मृत्यूची आणि नोंदणीची. संगणकातून मिळालेल्या तक्त्यात ‘तारीख’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती कोणती, हे विचारून घ्यावे. पडताळणीही सोपी आहे. रविवारी मृत्यू जवळजवळ शून्य आणि सोमवारी दुप्पट दिसत असतील, तर ती नोंदणीची तारीख आहे, हे निश्चित समजावे; मृत्यू कार्यालयीन सुटी पाळत नाही.

दुसरी चूक ठिकाणाची. आपल्याकडे मृत्यूची नोंद तो जेथे झाला तेथे होते. नागपुरातील मोठ्या रुग्णालयांत विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. गडचिरोलीच्या दुर्गम गावातून आठ दिवसांपूर्वी आणलेल्या रुग्णाच्या मृत्यूशी नागपूरच्या कालच्या तापमानाचा संबंध जोडायचा का, हे राहण्याच्या पत्त्यावरून ठरवावे लागते. पत्ता मिळाला तर शहराबाहेरचे रुग्ण वेगळे काढून एकदा त्यांच्यासह आणि एकदा त्यांच्याशिवाय मॉडेल चालवावे.

मृत्यूचे कारण उपलब्ध असले, तरी सुरुवात एकूण मृत्यूंपासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील कारण अनेकदा ‘हृदयक्रिया बंद पडणे’ असे मोघम असते; मृत्यू झाला की नाही, याविषयी मात्र शंका नसते. नावे आणि पूर्ण पत्ते तक्ता हाती येण्यापूर्वीच काढून टाकलेले असावेत आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

किती आकडे पुरतात? येथे थोडा हिशेब करू. एखाद्या शहरात रोज सरासरी ४० मृत्यू होत असतील, तर काहीही विशेष घडले नाही तरी हा आकडा रोज साधारण सहाने वर-खाली होतो, कारण अशा मोजणीतील नैसर्गिक चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. उन्हाने १० टक्के वाढ केली, तर ती चार मृत्यूंची. एका दिवसात ती या चढउतारात बुडून जाते. असे १०० उष्ण दिवस एकत्र केले, तर अपेक्षित मृत्यू ४,०००, प्रत्यक्ष ४,४०० आणि नैसर्गिक चढउतार फक्त ६३. आता ४०० ची वाढ लपत नाही. रोज दोनच मृत्यू होणाऱ्या तालुक्याच्या गावात मात्र १०० दिवसांत २०० च्या जागी २२० मृत्यू होतील आणि नैसर्गिक चढउतार १४ चा असेल. तेथे कोणतेही मॉडेल ठाम उत्तर देऊ शकणार नाही. अशा वेळी जिल्हा हे एकक धरावे, किंवा अनेक वर्षांची नोंद मिळवावी. दहा वर्षे चांगली, पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर जपून.

हवामानाची नोंद

भारतीय हवामान विभागाच्या केंद्रांवरील कमाल आणि किमान तापमान, आर्द्रता आणि पाऊस यांची दैनंदिन नोंद ही पहिली पसंती असावी. केंद्रात खंड असतील, तर विभागाची जाळीच्या स्वरूपातील तापमानमालिका १९५१ पासून उपलब्ध आहे. युरोपीय हवामान अंदाज केंद्राची ‘एरा-५’ ही पुनर्विश्लेषित (जुन्या नोंदी आणि हवामानाचे मॉडेल एकत्र करून तयार केलेली) मालिका तर १९४० पासून ताशी नोंदी देते आणि विनामूल्य मिळते.

उपलब्ध नसलेल्या नोंदीच्या जागी ९९.९ किंवा उणे ९९९ असा आकडा भरण्याची पद्धत असते. तो तसाच राहिला, तर मॉडेल त्याला तापमान समजते आणि सगळा आलेख वाकडा होतो. म्हणून प्रत्येक स्तंभाचे किमान आणि कमाल मूल्य आधी पाहावे. पावसाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी : एखाद्या तारखेसमोरचा आकडा हा त्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा असतो, म्हणजे त्यातला बराचसा पाऊस आदल्या दिवशी पडलेला असतो.

एका केंद्राचा आकडा संपूर्ण शहराला लागू होतो का, हाही विचार करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातील कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर. त्यानंतर मुंबईत पसरलेल्या लेप्टोस्पायरोसिसचा अभ्यास कुलाब्याच्या पावसावरून करणारा अभ्यासक ‘पावसाचा संबंध नाही’ असे म्हणून मोकळा झाला असता. तापमानात इतकी तफावत नसते. पण विमानतळावरील मोकळ्या जागेतील पारा आणि वस्तीतील पत्र्याखालची काहिली या एक गोष्टी नाहीत, याची आठवण निष्कर्ष लिहिताना ठेवावी.

कमाल, किमान की सरासरी तापमान घ्यावे? पहिल्या मॉडेलसाठी दिवसाचे सरासरी तापमान घ्यावे, कारण रात्रीचा उकाडाही त्यात येतो आणि रात्री शरीराला विसावा न मिळणे घातक असते. नंतर कमाल आणि किमान वेगवेगळे तपासावेत. सापेक्ष आर्द्रता विचार न करता मॉडेलमध्ये टाकू नये. हवेतील बाष्प तेवढेच राहूनही दुपारी तापमान चढले की सापेक्ष आर्द्रता घटते, त्यामुळे ती बऱ्याच अंशी तापमानच उलट्या दिशेने सांगत असते. दमटपणा मोजायचाच असेल, विशेषतः कोकणपट्टीत, तर दवबिंदूचे तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते, घ्यावे.

सराव : शिकागोचे ५,११४ दिवस

आपली आकडेवारी मिळेपर्यंत महिने जातात. तोवर सराव करण्यासाठी ‘आर’ या मोफत संगणकीय भाषेतील ‘डीएलएनएम’ हे पॅकेज घ्यावे. अँटोनियो गॅस्पारिनी आणि बेन आर्मस्ट्राँग या संशोधकांनी विकसित केलेल्या या पॅकेजमध्ये शिकागो शहराची १९८७ ते २००० या १४ वर्षांची, ५,११४ दिवसांची रोजची मृत्यूसंख्या, तापमान, दवबिंदू आणि प्रदूषण यांची नोंद दिलेली आहे.

मॉडेल चालवण्यापूर्वी आलेख काढावा. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर मृत्यू. दर हिवाळ्यात वर जाणारी आणि उन्हाळ्यात उतरणारी लाट दिसेल आणि जुलै १९९५ मध्ये एक टोकदार सुळका. रोज सरासरी ११५ मृत्यूंच्या शहरात एका दिवशी ४०० हून अधिक मृत्यू झालेले दिसतील. तो दिवस १५ जुलै. तापमानाचा उच्चांक मात्र १३ जुलैचा. हे दोन दिवसांचे अंतर डोळ्यांनी पाहावे, कारण पुढचे सगळे गणित त्याच्याभोवती फिरते.

त्या वेळी शिकागोत आकड्यांवरून वादही झाला होता. कुक परगण्याचे वैद्यकीय तपासणी अधिकारी एडमंड डोनोह्यू यांनी शेकडो मृत्यू उष्णतेशी जोडले, तेव्हा महापौर रिचर्ड एम. डेली यांनी त्याविषयी जाहीर शंका व्यक्त केली. पुढे नेहमीच्या मृत्यूंशी तुलना करून जादा मृत्यू मोजले गेले, तेव्हा ते सुमारे ७०० भरले, म्हणजे दाखल्यांवर उष्णतेशी जोडलेल्या मृत्यूंपेक्षाही अधिक. डोनोह्यू यांची मोजणी फुगवलेली नव्हती. ती कमीच होती.

ऋतू बाजूला काढणे

आता मॉडेल. रोजची मृत्यूसंख्या ही मोजणी आहे, म्हणून साध्या रिग्रेशनऐवजी पॉयसन रिग्रेशन वापरतात आणि प्रत्यक्षातील चढउतार वर सांगितलेल्या वर्गमुळाच्या हिशेबापेक्षा जास्त असतो म्हणून त्याचे ‘क्वासी-पॉयसन’ हे रूप घेतात. समीकरणाच्या उजव्या बाजूला तीन गोष्टी असतात : काळाची वक्ररेषा, आठवड्याचा वार आणि तापमान.

काळाची वक्ररेषा कशासाठी? कारण मृत्यूंना आणि तापमानाला दोघांनाही ऋतू असतो, आणि दोन्ही गोष्टी ऋतूबरोबर हलल्या की एक दुसरीचे कारण आहे असा भास होतो. पावसाळ्यातले ताप, हिवाळ्यातले श्वसनविकार, लोकसंख्येतील वाढ, नोंदणीत झालेली सुधारणा यांचा तापमानाच्या रोजच्या चढउताराशी संबंध नाही, पण ते मृत्यूंचा आकडा सावकाश हलवत राहतात. विदर्भात नवतपात माणसे जास्त दगावतात, एवढे म्हणून भागत नाही. आसपासच्या सौम्य दिवसांपेक्षा कडक दिवशी किती जास्त दगावतात, हे सांगावे लागते. ही सावकाश हालचाल शोषून घेण्यासाठी स्प्लाइन नावाची लवचीक वक्ररेषा बसवतात. तिला वर्षाला सात किंवा आठ स्वातंत्र्यमात्रा (रेषेला किती वाकू द्यायचे याचे माप) देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे साधारण दोन महिन्यांपेक्षा सावकाश होणारे चढउतार ती उचलते आणि काही दिवसांचे चढउतार तापमानासाठी शिल्लक ठेवते.

लवचीकता कमी ठेवली, तर ऋतू तापमानाच्या वाट्याला येतो. जास्त ठेवली, तर उलटे होते : आपल्याकडे उष्णतेची लाट आठ-आठ, दहा-दहा दिवस टिकते, आणि फार लवचीक रेषा त्या लाटेचा परिणामच ऋतू समजून गिळून टाकते. दुसऱ्या चुकीची कोणी फारशी चर्चा करत नाही, पण मध्य भारतातील उन्हाळ्यासाठी ती मला अधिक धोक्याची वाटते.

वक्ररेषा समजायला जड वाटत असेल, तर एक पर्याय आहे. प्रत्येक दिवसाची तुलना फक्त त्याच वर्षातील, त्याच महिन्यातील, त्याच वाराशी करायची. मे २०१६ मधील एका मंगळवारची त्याच मे महिन्यातील इतर मंगळवारांशी. ऋतू, वर्ष आणि वार तिन्ही आपोआप बाजूला पडतात. सभेत नगरसेवकांना समजावून सांगायचे असेल, तर ही मांडणी उत्तम.

कोविडचा प्रश्न वेगळा. २०२१ मधील दुसरी लाट एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमकी कडक उन्हाच्या दिवसांत आली. ते वर्ष तसेच ठेवले, तर मॉडेल कोविडचे मृत्यू उन्हाच्या खात्यावर टाकेल. मुख्य विश्लेषणातून २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे वगळणे, हा मला सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो.

तापमान आणि विलंब

तापमानाचा परिणाम दोन अर्थांनी सरळ नसतो. एक तर तापमान एका अंशाने वाढले की मृत्यू ठरावीक प्रमाणात वाढतात, असे होत नाही. एका पातळीपर्यंत फारसा फरक पडत नाही आणि तिच्यापुढे आलेख झपाट्याने चढतो. थंडीच्या बाजूलाही तो वर वळतो. दुसरे म्हणजे परिणाम त्याच दिवशी संपत नाही. उन्हाचा परिणाम बहुधा त्या दिवशी आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसतो, थंडीचा मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. या दोन्ही वळणांना एकाच वेळी बसवण्यासाठी डीएलएनएम पॅकेजमध्ये ‘क्रॉसबेसिस’ हे फंक्शन आहे. त्याला सांगायचे एवढेच : तापमानाची वक्ररेषा कोठे कोठे वाकू द्यायची आणि किती दिवस मागे पाहायचे. बहुदेशीय अभ्यासांत वापरलेली निवड अशी आहे : वळणबिंदू तापमानाच्या १०, ७५ आणि ९० व्या शतमानावर (म्हणजे ज्यांच्याखाली अनुक्रमे १०, ७५ आणि ९० टक्के दिवस येतात त्या तापमानांवर), विलंब २१ दिवसांपर्यंत. सुरुवातीला हीच घ्यावी. फक्त उन्हाळ्याचा अभ्यास असेल, तर दहा दिवस पुरतात.

फक्त उन्हाळ्याचे महिने कापून घेतले असतील, तर एक चूक टाळावी. संगणकाच्या दृष्टीने ३० जूननंतरची पुढची ओळ म्हणजे पुढच्या वर्षीचा १ मार्च. मग १ मार्चच्या मृत्यूंसाठी तो गेल्या वर्षीच्या जूनचे तापमान ‘काल’चे म्हणून घेतो. क्रॉसबेसिसमध्ये वर्षानुसार गट पाडण्याची सोय यासाठीच आहे.

विलंबाच्या आलेखात पाच-सहा दिवसांनंतर परिणाम कधी कधी शून्याच्या खाली गेलेला दिसतो. ही गणिताची चूक नव्हे. जे आधीच फार आजारी होते, त्यांचा मृत्यू उन्हामुळे काही दिवस अलीकडे आला आणि म्हणून पुढच्या दिवसांतील मृत्यू घटले, असा त्याचा अर्थ असतो. सर्व दिवसांचा एकत्रित परिणाम पाहिला, तर ही घट वजा होऊन उरते तीच खरी हानी. पहिल्या दिवसाचाच आकडा वर्तमानपत्राला देणे म्हणूनच चुकीचे आहे.

उत्तर वाचणे आणि तपासणे

ज्या तापमानाला मृत्यू सर्वांत कमी, तो आपला संदर्भबिंदू. समजा, उदाहरणापुरते, ३० अंशांच्या तुलनेत ३८ अंश सरासरी तापमानाला सापेक्ष जोखीम १.२५ आली. याचा अर्थ त्या तापमानाला मृत्यू २५ टक्क्यांनी वाढले. त्या दिवशीच्या मृत्यूंपैकी २५ टक्के उन्हामुळे झाले, असा नव्हे. तो वाटा ०.२५ भागिले १.२५, म्हणजे २० टक्के. ५० मृत्यू झाले असतील, तर त्यांतील १० उन्हाच्या खात्यावर. असे प्रत्येक उष्ण दिवसाचे मृत्यू जोडत गेले की उन्हाळ्याचा आकडा मिळतो, आणि तो नेहमी विश्वासांतरासह, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे त्यांच्यासह, द्यावा.

दुसरीकडचे आकडे उचलताना थांबावे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १३ देशांतील ३८४ ठिकाणांच्या ७.४ कोटींहून अधिक मृत्यूंचा विचार केला गेला. त्यात ७.७१ टक्के मृत्यू प्रतिकूल तापमानामुळे, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी ७.२९ टक्के थंडीमुळे आणि ०.४२ टक्के उष्णतेमुळे आढळले. ‘थंडीच जास्त मारते’ असे त्यावरून सर्रास म्हटले जाते. त्या १३ देशांत भारत नव्हता, आणि तेथे थंडी म्हणजे संदर्भबिंदूखालचा प्रत्येक सौम्य दिवसही धरलेला आहे. चंद्रपूरसाठी हे प्रमाण तसेच वापरता येणार नाही.

मॉडेल तयार झाल्यावर त्याला हलवून पाहावे. स्वातंत्र्यमात्रा सहा, आठ, दहा कराव्यात; विलंबाचे दिवस बदलावेत; सर्वांत उष्ण वर्ष वगळून पाहावे. निष्कर्षाची दिशा आणि साधारण आकार टिकला पाहिजे. मला सर्वांत आवडणारी कसोटी उलट्या काळाची आहे : आधीच्या दिवसांचे तापमान मॉडेलमध्ये ठेवून त्यात पुढच्या आठवड्याचे तापमानही घालावे. उद्याचे ऊन आजच्या मृत्यूला कारण होऊ शकत नाही. तसा ठळक परिणाम दिसलाच, तर ऋतू नीट बाजूला निघालेला नाही, हे समजावे आणि मागच्या पायरीवर परत जावे.

शेवटी आलेखावर एक उभी रेघ मारावी. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि त्या काळातील नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असले की उष्णतेची लाट जाहीर होते. किनारपट्टीवर पहिली अट ३७ अंशांची आहे. कमाल तापमान घेऊन मॉडेल पुन्हा चालवावे, आपल्या शहरातील मृत्यूंची रेषा कोणत्या अंशाला वर वळते ते पाहावे आणि निकषाची रेघ तिच्या डावीकडे पडते की उजवीकडे, हे टिपून घ्यावे. वळण निकषाच्या आधीच येत असेल, तर इशारा नसलेल्या दिवशीही माणसे दगावत आहेत, आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवायच्या टिपणात ते तापमान आणि त्या दिवसांची संख्या पहिल्याच ओळीत असावी.